शुद्धलेखन ते हेडफोन

परदेशी शिकायला जायचं किंवा तिथंच स्थायिक व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. टोफेल, आयईएल्टीएस, पीटीई, नाव काहीही असो, भाग चारच. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं. पहिल्या तिघांचं टेन्शन सगळ्यांना असतं. ऐकण्याचं मात्र "त्यात काय, हेडफोन लावायचा आणि ऐकायचं" असं म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. मग सराव परीक्षा दिली की लक्षात येतं, वाचताना जे वाक्य आपण सहज समजलो असतो तेच कानावरून सरकन निघून गेलं आणि पुढचा प्रश्न सुरूही झाला.

तयारी कशी करावी याच्या टिपा ढिगानं मिळतात. पण त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. याचं कारण असं की यातली बहुतेक प्रत्येक टिप परीक्षेच्या कुठल्यातरी एका जुन्या रूपासाठी जन्माला आलेली आहे. परीक्षा बदलली, टिप मागे राहिली. म्हणून या परीक्षेचा इतिहासच एकदा नीट बघावा म्हटलं. त्यातून टिकाऊ काय आणि टाकाऊ काय हे बऱ्यापैकी कळतं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीनं होते. शाळेत बाई शुद्धलेखन घालायच्या, म्हणजे त्या वाचणार आणि आपण लिहिणार. इंग्रजीच्या तासाला त्यालाच डिक्टेशन म्हणायचे. ऐकण्याची परीक्षा घ्यायची ही जगभरातली सर्वात जुनी आणि सर्वात स्वस्त पद्धत. आणि या पद्धतीचा सर्वात कुप्रसिद्ध वापर शाळेत नाही, बंदरावर झाला.

१८९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीनं एक कायदा केला. येणाऱ्या माणसाला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही. रोख उघड होता: हिंदुस्थानातून येणारे लोक नकोत. पण हिंदी माणूस ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन, त्याला वर्णावरून नाकारलं असं कायद्यात लिहिणं लंडनला अडचणीचं होतं. म्हणून भाषेची परीक्षा पुढे केली. गांधी तेव्हा डर्बनमध्येच वकिली करत होते आणि हिंदी लोकांच्या वतीनं त्यांनी या कायद्याविरुद्ध अर्जही केले होते. ही युक्ती वसाहतींना इतकी आवडली की १९०१ साली ऑस्ट्रेलियानं ती उचलली आणि तिला शुद्धलेखनाचं रूप दिलं. अधिकारी ५० शब्दांचा उतारा वाचणार, उतरलेल्या माणसानं तो लिहायचा.

यातली मेख अशी की उतारा कुठल्याही युरोपीय भाषेत असू शकत होता आणि ती भाषा अधिकारी निवडणार. तुम्हाला उत्तम इंग्रजी येतंय असं दिसलं तर तो जर्मनमध्ये घालेल. जर्मन येत असेल तर आणखी कशात. १९०२ ते १९०९ या काळात १,३५९ वेळा ही परीक्षा घेतली गेली, त्यात ५२ जण पास झाले. १९०९ नंतर एकही नाही. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार बोटीनं ऑस्ट्रेलियात आला. तो डाव्या विचारांचा, हिटलरविरोधी, आणि सरकारला नकोसा. मेलबर्नला त्याला उतरू देईनात म्हणून त्यानं सरळ बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीत त्याला शुद्धलेखन घातलं गेलं. किशला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून भाषा निवडली स्कॉटिश गेलिक. प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा असं दिसलं की परीक्षा घेणाऱ्या पोलिसाचीच गेलिक कच्ची होती. कायद्यातल्या अर्थानं ही युरोपीय भाषा धरता येत नाही असा निकाल देऊन कोर्टानं किशला सोडलं. ही परीक्षा कायद्यातून जायला मात्र १९५८ उजाडलं.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे ऐकण्याच्या परीक्षेला तयारी करता येते की नाही, हा प्रश्न मुळात परीक्षा घेणाऱ्याच्या हेतूचा असतो. या परीक्षेची तयारी शक्यच नव्हती, कारण ती नापास करण्यासाठीच बनवली होती. ज्या परीक्षेची भाषा, स्वरूप आणि गुण देण्याची रीत आधी जाहीर असते, ती कितीही कठीण असली तरी वेगळ्या जातीची.

अशी वेगळ्या जातीची परीक्षा केंब्रिजनं १९१३ साली सुरू केली. सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी इन इंग्लिश. परदेशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी. भाषांतर, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र असे पेपर, सगळे मिळून साधारण १२ तास. त्यात अर्धा तास डिक्टेशन आणि अर्धा तास वाचन-संभाषण. पहिल्या वर्षी तीन जण बसले आणि तिघंही नापास झाले :-) पुढची सहा दशकं या परीक्षेत कान तपासायचं मुख्य साधन डिक्टेशनच राहिलं. आकलनाचा वेगळा पेपर १९७५ मध्ये आला, तोही आधी परीक्षक मोठ्यानं वाचायचे. कॅसेट आली १९८४ ला.

अमेरिकेत मात्र गाडी दुसऱ्या रुळावर होती. मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट लॅडो नावाचा भाषातज्ज्ञ होता. जन्म अमेरिकेतला पण वाढला स्पेनमध्ये, त्यामुळे परक्या भाषेत कान कसा फसतो हे त्याला स्वतःच्या अनुभवानं माहीत. त्याचं म्हणणं असं की भाषा म्हणजे छोट्या छोट्या सुट्या भागांची जुळणी. प्रत्येक भाग वेगळा तपासा. आणि शिकणाऱ्याची मातृभाषा कुठली यावर तो कुठे अडखळणार हे आधीच सांगता येतं. म्हणून 'शिप' की 'शीप', 'पेन' की 'पॅन' असे जोडशब्द ऐकवायचे आणि कुठला ते ओळखायला लावायचं.

मराठी माणसाला हे लगेच पटावं. आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ आहे, पण बोलताना इ आणि ई यांच्या लांबीनं अर्थ सहसा बदलत नाही. म्हणूनच तर शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण जातात. तोच कान 'शिप' आणि 'शीप' ऐकायला गेला की दोन्ही त्याला एकच. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आपण कागदावर वेगळे लिहितो, कानाला मात्र दोन्हीत एकच 'व' ऐकू येतो. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे आघात. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे अवयव चिरडले जातात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, पण 'फोटोग्राफी'त तो पुढे सरकतो आणि उच्चार जवळजवळ 'फटॉग्रफी' होतो. मराठीत असा जोर नाही, आपण सगळी अक्षरं समान न्यायानं म्हणतो. त्यामुळे डोळ्यांच्या ओळखीचा शब्द कानाला अनोळखी वाटतो. 'आय कॅन गो' हे 'आय कन् गो' असं ऐकू येतं, आणि 'कॅन' जर स्पष्ट ठणकावून आला तर बहुधा ते 'कान्ट'चं अमेरिकन रूप असतं, शेवटचा ट गिळलेलं. अर्थ बरोब्बर उलटा.

तर लॅडोनं १९६१ साली भाषेच्या परीक्षांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात डिक्टेशनला निकालात काढलं. त्याचा युक्तिवाद साधारण असा: शब्दांचा क्रम परीक्षकच देतो, म्हणजे तो तपासला जात नाही. शब्दही तोच देतो, म्हणजे शब्दसंग्रह तपासला जात नाही. आणि कान तरी तपासला जातो का? तोही नाही, कारण एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तरी विद्यार्थी संदर्भावरून तो भरून काढतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६४ मध्ये टोफेल सुरू झाली ती या विचाराच्या छायेत. टेप लावायची, चार पर्यायांतला एक निवडायचा. १९७६ पासून तिचे तीन भाग ठरले आणि ऐकण्याच्या ५० प्रश्नांत सुरुवातीला सुटी वाक्यं, मग छोटे संवाद, मग भाषणं अशी रचना झाली. इथं तयारीचं पहिलं मोठं दुकान उघडलं. एक सुटं वाक्य ऐकवून त्याच अर्थाचं वाक्य निवडायचं, तर चुकीचे पर्याय बनवायचे कसे? ऐकलेल्या शब्दांसारखे आवाज असलेले शब्द घालून. हे शिकवणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि सूत्र निघालं: जो पर्याय ऐकल्यासारखा वाटतो तो सोडा, ज्यात वेगळेच शब्द आहेत तो धरा. हे सूत्र चालायचं! इंग्रजी फारसं न सुधारता गुण वाढायचे. १९९५ मध्ये सुटी वाक्यं गेली आणि या सूत्राचा जोर ओसरला. पण ते तोंडी परंपरेनं अजून फिरतं.

दरम्यान डिक्टेशनचं काय झालं? इथं गोष्ट रंगते, आणि आपल्या लायनीतला एक माणूस तिच्यात येतो. क्लॉड शॅनन. १९४८ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात त्यानं दाखवलं होतं की साधं इंग्रजी लिखाण अंदाजे निम्मं अतिरिक्त असतं. म्हणजे निम्मी अक्षरं काय येणार हे भाषेच्या बांधणीनंच ठरलेलं असतं. संदेशाचा काही भाग वाटेत खराब झाला तरी या अतिरिक्तपणाच्या जोरावर तो दुरुस्त करता येतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी बर्नार्ड स्पोल्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सरळ परीक्षेत आणलं. वाक्यं टेप केली, त्यात मुद्दाम खरखर मिसळली आणि लोकांना ती लिहायला सांगितली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी ते खरखरीतूनही वाक्य उभं करत. बाकीचे स्वच्छ टेपवर ठीक असत, पण खरखर वाढली की फार लवकर कोसळत.

शॉर्टवेव्हवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकलेल्यांना हा प्रयोग समजावून सांगायची गरज नाही. पहाटे ऑस्ट्रेलियातून येणारा आवाज लाटेसारखा चढायचा-उतरायचा, मधली दोन वाक्यं गडप व्हायची, तरी विकेट पडली की चौकार गेला हे कळायचं. इंग्रजी जेमतेम असलेल्यालाही कळायचं. कारण क्रिकेट माहीत होतं आणि पुढे काय येऊ शकतं याच्या शक्यता मोजक्या होत्या. तोच माणूस त्याच स्टेशनवर नंतरच्या बातम्या लागल्या की गार व्हायचा. रेडिओ तोच आणि कान तेच, फक्त पुढचं ओळखता येत नव्हतं.

१९७१ साली जॉन ऑलर यानं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिसमधल्या प्रवेशानंतरच्या इंग्रजी चाचणीचे गुण तपासले. त्यातल्या सगळ्या भागांत एकूण गुणांशी सर्वात जास्त जुळणारा भाग कुठला निघाला, तर डिक्टेशन. टाकाऊ ठरवलेलं डिक्टेशन! ऑलरचं स्पष्टीकरण असं की ऐकणारा टेपरेकॉर्डर नसतो. तो सतत पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतो आणि ऐकू आलेल्या आवाजाशी तो ताडून बघत असतो. म्हणजे लॅडोनं ज्याला दोष म्हटलं होतं, की विद्यार्थी न ऐकलेला शब्द संदर्भानं भरून काढतो, तेच तर ऐकण्याचं मूळ कौशल्य. पुढे जाऊन ऑलरनं सगळं भाषिक कौशल्य म्हणजे एकच गोष्ट असा मोठा दावा केला. तो टिकला नाही आणि त्यानं तो मागेही घेतला. पण डिक्टेशनबद्दलचं निरीक्षण राहिलं.

परीक्षा मात्र आपल्या वाटेनं चालल्या होत्या. ब्रिटिश कौन्सिल आधी १९६५ पासून ॲलन डेव्हिस यांची चाचणी वापरत होतं, त्यातही आवाज ओळखण्याचे प्रश्न होते. १९८० मध्ये ईएल्टीएस आली आणि १९८९ मध्ये आयईएल्टीएस. तिथं रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, ४० प्रश्न, आणि बरीचशी उत्तरं स्वतः लिहायची. स्पेलिंग चुकलं की गुण गेला. कुणीतरी फोनवर आपलं आडनाव अक्षर अक्षर करून सांगतो, आणि ए की ई, जी की जे यात आपला गोंधळ उडतो. हेही एक छोटं शुद्धलेखनच. टोफेल १९९८ मध्ये कॉम्प्युटरवर आली, मग २००५ मध्ये इंटरनेटवर. लांबलचक लेक्चर आलं आणि पहिल्यांदाच ऐकताना टिपणं काढायला परवानगी मिळाली. त्याबरोबर तयारीचा भर टिपणं काढण्यावर गेला. बाण, लघुरूपं, दोन रकाने वगैरे. मग 'अगदी कमी लिहा' आणि 'सगळं लिहा' असे दोन पंथही तयार झाले.

आणि २००९ मध्ये पीटीई अकॅडेमिक आली. संपूर्ण कॉम्प्युटरवर, गुण देणारंही मशीनच. तिच्या ऐकण्याच्या भागातला शेवटचा प्रश्न काय? वाक्य ऐका आणि टाइप करा. डिक्टेशन! बरोबर लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला एक गुण. मशीनला तपासायला याहून सोपं काय असणार? दोन ओळी शेजारी ठेवून फरक मोजायचा, आपण रोज कोडवर 'डिफ' चालवतो तसंच. ड्युओलिंगोच्या परीक्षेतही ऐकून टाइप करायचं वाक्य आहे. जानेवारी २०२६ पासून टोफेल बदलली तेव्हा एक छोटं वाक्य ऐकून उत्तर निवडायचा प्रकार परत आला, आणि बोलण्याच्या भागात ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचा. चक्र फिरून जवळपास मूळ जागी आलं. ज्या ऑस्ट्रेलियानं १९५८ मध्ये शुद्धलेखनाची परीक्षा मोडीत काढली, त्याच देशाच्या व्हिसासाठी आज पीटीई चालते. फरक मोठा आहे. भाषा जाहीर आहे, प्रश्न सगळ्यांना एकाच जातीचे आहेत आणि नापास झालात तर परत देता येते. तरीही, एका वाक्यातले निसटलेले दोन शब्द कुणाचा तरी मुक्काम ठरवू शकतात, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

डिक्टेशन परत आलं तसं त्याचं दुकानही आलं. परीक्षेत येऊन गेलेली वाक्यं आठवून त्यांच्या याद्या बनतात, विकल्या जातात, आणि मुलं शेकडो वाक्यं पाठ करून जातात. इथं स्पोल्स्की आणि ऑलर पुन्हा आठवावेत. डिक्टेशन भाषा मोजतं ते वाक्य नवीन असेल तोवरच. पाठ वाक्य ओळखणं ही स्मरणशक्ती झाली. एखादं वाक्य यादीतलं आलं तर गुण मिळेलही, पण पुढे वर्गात प्राध्यापक यादीतलं बोलणार नाहीत. शिवाय सुट्या वाक्यांच्या सूत्राचं १९९५ ला जे झालं ते या याद्यांचं कधीही होऊ शकतं. परीक्षा बदलायला एक पत्रक पुरतं.

मग तयारी कशी करायची? शंभर-सव्वाशे वर्षांच्या या उलाढालीत एकच सवय अशी दिसते जी प्रत्येक रूपात उपयोगी पडली, अगदी ती परीक्षेतून हद्दपार होती तेव्हासुद्धा. अनोळखी बोलणं ऐकायचं आणि लिहून काढायचं. रोज दीड-दोन मिनिटांचं पुरे, पण त्याची लिखित प्रत मिळाली पाहिजे. एकदा सलग ऐका, काहीही न लिहिता. मग थांबवत थांबवत लिहा. अडलं तिथं रिकामी जागा सोडू नका, काय असू शकेल ते अंदाजानं भरा आणि त्याखाली रेघ मारा. शेवटी मूळ प्रतीशी ताडा.

खरं काम ताडताना होतं. चुका तीन ढिगांत टाका. पहिला, शब्द माहीतच नव्हता. याला इलाज वाचन. दुसरा, शब्द माहीत होता पण कानाला ओळखू आला नाही, 'फटॉग्रफी'सारखा. याची वही करा, उच्चार स्वतः मोठ्यानं म्हणा, कारण जो शब्द तोंडातून तसा निघत नाही तो कानालाही उशिरा पटतो. तिसरा ढीग म्हणजे गळालेले बारीक तुकडे: शेवटचा स, ड, मधला ऑफ, हॅव, ए, द. हे तुकडे बोलणारा खरोखरच गिळतो. मातृभाषिकालाही ते पूर्ण ऐकू येत नाहीत, तो व्याकरणानं भरतो. म्हणून हा ढीग कमी करायचा तर व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही. भूतकाळ चाललाय तर ड असणारच, हे हाताला आपोआप सुचायला लागावं लागतं. आणि रेघ मारलेले अंदाज मोजा. आधी दहातले दोन बरोबर येतील. ते सहा-सातवर गेले की समजायचं, आता कान तयार होतोय.

स्वच्छ स्टुडिओतल्या आवाजावर हे जमलं की फोनवरचं बोलणं, गर्दीतली मुलाखत, वेगळ्या देशाचा उच्चार असं एकेक घ्या. सोय म्हणून सबटायटल लावाल तर डोळे वाचतील आणि कान सुट्टीवर जाईल. तेव्हा आधी बंद, मग ताडण्यापुरती चालू.

हे सगळं कंटाळवाणं आहे हे मान्य. शाळेत शुद्धलेखन कुणाला आवडत होतं? पण परीक्षेला दोन महिने असतील तर रोजची वीस मिनिटं यात घाला, आणि परीक्षेच्या चालू रूपाची ओळख शेवटच्या दहा दिवसांत करून घ्या. याच क्रमानं. उलटा क्रम केला तर रूप तेवढं ओळखीचं होईल आणि वाक्य नेहमीसारखंच सरकन निघून जाईल.

असो. आज इतकंच. कुणी परीक्षेला बसत असाल तर मनापासून शुभेच्छा.